सात भिंती, सात दरवाजे आणि एक रिकामं सिंहासन!

दरबार भरतो, फर्मानं सुटतात, फौजा निघतात, आणि सिंहासन मात्र तब्बल ९६९ वर्षं रिकामं! असं शहर ऐकलंय कधी? नकाशावर शोधू नका. हे आहे जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधलं मिनास तिरिथ. गॉन्डोर राज्याची राजधानी आणि त्याच वेळी सरहद्दीवरचं शेवटचं मोठं ठाणं. नदीपलीकडे डोंगर, डोंगरापलीकडे मोरडॉर, म्हणजे साक्षात शत्रूचं अंगण. चला, बूट घट्ट बांधा. चढण भारी आहे!

या शहराचा ‘गेट’-अपच वेगळा! डोंगराच्या सोंडेवर एकावर एक सात टप्पे, प्रत्येकाला स्वतंत्र तट आणि स्वतंत्र दरवाजा. पण दरवाजे एका रेषेत नाहीत बरं का. पहिला थेट पूर्वेला, दुसरा थोडा दक्षिणेकडे, तिसरा थोडा उत्तरेकडे, असे आलटून पालटून. पहिला फोडून आत घुसलेल्या शत्रूला पुढचा दरवाजा समोर दिसतच नाही. वळा, चढा, पुन्हा वळा, आणि वरून बाण झेला. फूलप्रूफ प्लॅनिंग!

उंचीचा हिशेब माहीत आहे का? बालेकिल्ल्याच्या कठड्यावरून खाली पाहिलं, तर मुख्य दरवाजा ७०० फूट खोल. त्यावर एक्थेलियनचा पांढराशुभ्र मनोरा, आणखी ३०० फूट. म्हणजे मनोऱ्यावरचं निशाण मैदानापासून १००० फुटांवर फडकणार!

सिनेमा पाहून तुम्हाला हे शहर नखशिखान्त पांढरं वाटतं ना? पुस्तक उघडा. सर्वांत बाहेरचा तट चक्क काळाभोर, गुळगुळीत आणि पोलादालाही दाद न देणारा. पांढऱ्या भिंती त्याच्या आतल्या.

आता सरहद्दीची गंमत. हे शहर मुळात राजधानी नव्हतंच! राजधानी होती नदीवरचं ओस्गिलियाथ. तिच्या दोन बाजूंना दोन जुळी शहरं: पूर्वेला मिनास इथिल, पश्चिमेला मिनास अनोर. एक चंद्राचं, एक सूर्याचं. एक इसिल्डूरचं, दुसरं त्याच्या धाकट्या भावाचं, अनारियनचं. मग आली महाभयंकर साथ. ओस्गिलियाथ ओस पडायला लागलं आणि तिसऱ्या युगाच्या १६४० साली राजानं बिऱ्हाड पश्चिमेला हलवलं. पुढे २००२ साली पूर्वेचं जुळं शहर शत्रूनं गिळलं. आता दोन जुळ्या बहिणी एकमेकींकडे पाहत होत्या, एक प्रकाशात आणि एक भुतांच्या ताब्यात. मिनास अनोरचं मिनास तिरिथ झालं. घराचं ठाणं झालं.

मग राजा गेला कुठे? ऐका, कारण हा किस्सा भन्नाट आहे. शेवटचा राजा एआर्नूर. लढायची दांडगी हौस, पोराबाळांचा पत्ता नाही. पलीकडच्या भुतांच्या म्होरक्यानं, विच-किंगनं, त्याला द्वंद्वाचं आव्हान धाडलं. पहिल्या वेळी कारभारी मार्डिलनं त्याला कसंबसं आवरलं. दुसऱ्या वेळी राजा ऐकेना. २०५० साली घोड्यावर मांड टाकली, मोजके सरदार घेतले, शत्रूच्या दरवाजात शिरला आणि गायब! ना प्रेत, ना निरोप, ना साक्षीदार.

आणि इथेच कायद्याचा पेच. राजा मेल्याचा पुरावा नाही, मग नवा राजा नेमायचा कसा? शिवाय वारसाहक्कावरून या राज्यात पूर्वी मोठी यादवी झालेली. पुन्हा भाऊबंदकी नको, म्हणून सगळ्यांनी कारभार मार्डिलच्या हाती ठेवला. तो म्हणजे पहिला सत्ताधारी कारभारी, इंग्रजीत स्टुअर्ड. हे पद पुढे बापाकडून लेकाकडे किंवा जवळच्या नातलगाकडे जात राहिलं. किती जण? सलग २६ कारभारी!

भरतानं पादुका ठेवून चौदा वर्षं राज्य सांभाळलं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. इथे तोच प्रकार ९६९ वर्षं चालला. नुसता आकडा पाहू नका, दरबारातली मांडणी पाहा. लांबच लांब दालन, टोकाला पुष्कळ पायऱ्यांचा चौथरा, त्यावर उंच सिंहासन, वर मुकुटधारी शिरस्त्राणाच्या आकाराचं संगमरवरी छत, मागे भिंतीवर रत्नं जडवलेला फुललेला वृक्ष. आणि कारभारी कुठे बसतो? सर्वांत खालच्या पायरीवर, काळ्या दगडाच्या साध्या खुर्चीवर! नक्षी नाही, सोनं नाही. हातात राजदंड नाही, एक पांढरी काठी. निशाणही कोरं पांढरं, कारण वृक्ष आणि सात तारे हे राजाचं चिन्ह. फौज यांची, खजिना यांचा, शब्द यांचा. तरी ती पायरी एकानंही ओलांडली नाही. माझ्या मते या अख्ख्या राज्यातला सर्वांत मोठा पराक्रम हाच. ड्रॅगन मारण्यापेक्षा कठीण!

सव्विसावा कारभारी डेनेथॉर याच्या लहानग्या बोरोमिरला हे पचत नव्हतं. बाबांना त्यानं विचारलं, राजा परतलाच नाही तर कारभाऱ्याचा राजा व्हायला किती वर्षं लागतात? डेनेथॉर म्हणाला, इतर ठिकाणी थोडी वर्षं पुरत असतील, गॉन्डोरमध्ये दहा हजारही पुरणार नाहीत. घ्या!

वयाचा बॉम्ब फोडू का? सिनेमातला डेनेथॉर म्हातारा आणि सिंहासनाचा खरा वारस अरागॉर्न तरणाबांड, बरोबर? पुस्तकात दोघांमध्ये जेमतेम एका वर्षाचा फरक! डेनेथॉरचा जन्म २९३०चा, अरागॉर्नचा २९३१चा. युद्धाच्या वेळी एक ८९ वर्षांचा, दुसरा ८८चा. दोघेही सीनियर सिटिझन, तलवारीसकट! अरागॉर्नच्या पूर्वजांना दीर्घायुष्याची देणगी होती. डेनेथॉरही त्याच मातीचा, पण त्याला जादूच्या दगडानं अकाली म्हातारं केलं.

आणि हे दोघं आधी भेटले होते, हे माहीत आहे का? अरागॉर्ननं तरुणपणी ‘थोरोंगिल’ या नावानं याच शहरात नोकरी केली, तीही डेनेथॉरच्या वडिलांच्या हाताखाली. २९८० साली त्यानं उम्बारच्या बंदरावर छापा घालून शत्रूची जहाजं जाळली. शहर जयजयकार करायला सज्ज, आणि हिरो परस्पर पसार! स्वतःच्याच राज्यात नाव लपवून नोकरी करणारा राजा. डेनेथॉरला हा पाहुणा फारसा आवडत नसे.

तो जादूचा दगड म्हणजे पालान्तिर, दूरचं दाखवणारा काचेसारखा गोळा. असे सात गोळे या जगात आणले गेले होते. डेनेथॉरनं त्यात डोकावून शत्रूशी नजरेची झुंज घेतली आणि शेवटी गोळा हातात धरूनच स्वतःची चिता पेटवली. त्यानंतर त्या गोळ्यात डोकावणाऱ्याला, मनाची फार मोठी ताकद नसेल तर, एकच दृश्य दिसायचं: ज्वाळांमध्ये सुकत जाणारे दोन म्हातारे हात. काटा आला ना अंगावर?

चला, मूड बदलू. जेवण! शिपाई बेरेगॉन्ड नव्या भरती झालेल्या, बुटक्या हॉबिट जमातीतल्या पिपिनला भांडारात घेऊन जातो. मिळतं काय? पाव, लोणी, चीज आणि हिवाळ्याच्या साठ्यातली शेवटची सफरचंदं. साल सुरकुतलेली, पण आतून घट्ट आणि गोड. सोबत चामड्याच्या बुधल्यात ताजी एल बिअर. दोघं ते घेऊन तटाच्या कठड्यापाशी बसतात आणि मोरडॉरच्या दिशेनं बघत खातात. व्ह्यू जगातला सर्वांत भीतिदायक, मेनू एकदम घरगुती!

मग टोमॅटो कुठून आले? सिनेमात डेनेथॉर टोमॅटो चावतो, रस हनुवटीवर ओघळतो आणि पिपिन गातो. अंगावर येणारा सीन! जॉन नोबल यांचा तो अभिनय आणि बिली बॉइड यांचा आवाज. चालही बॉइड यांचीच. पुस्तकात त्या टोमॅटोचा मागमूस नाही. उलट टॉल्किन यांनी ‘द हॉबिट’च्या पहिल्या आवृत्तीत लिहिलेला टोमॅटो १९६६च्या सुधारित आवृत्तीतून काढून तिथे लोणचं वाढलं. लेखकानं हद्दपार केलेला टोमॅटो, दिग्दर्शकानं थेट दरबारात बसवला!

आता सरदार मंडळींची हजेरी घ्या. मोरडॉरचा वेढा पडायच्या आधी दक्षिणेकडून कुमक येते. सारं शहर दरवाजात उभं राहून डोकी मोजतंय. लोसार्नाखचा फोरलाँग, आडव्या अंगाचा, लोकांचा लाडका, येतो २०० माणसं घेऊन. अपेक्षा दहापट होती! मग मोरथोंडचे ५०० तिरंदाज, रिंग्लो खोऱ्याचे ३००, पिन्नाथ गेलिनचे हिरव्या वेशातले ३००, समुद्राकाठचे शंभरेक कोळी. शेवटी डोल आमरोथचा राजपुत्र इमराहिल ७०० जणांसह. टोटल? तीन हजारांपेक्षाही कमी. बाकीचे आपापल्या किनाऱ्यावर चाच्यांच्या भीतीनं अडकलेले.

हा इमराहिल माझा ऑल-टाइम फेव्हरेट, आणि त्याला पुरेसं कौतुक मिळत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. सिनेमावाल्यांनी तर त्याला पूर्ण गाळलं. खानदान पाहा: पूर्वजांपैकी इमराझोरनं मिथ्रेल्लास नावाच्या एल्फ स्त्रीशी लग्न केलं, अशी त्या घराण्याची कथा. खरी की गावगप्पा? लेगोलास स्वतः एल्फ. त्यानं इमराहिलला नुसतं पाहिलं आणि ओळखलं, याच्या अंगात आमचं रक्त आहे!

त्याची नजर मात्र त्याहून भारी. रणांगणावरून शेजारच्या रोहान राज्याच्या एओविनला पालखीसारखं उचलून आणत होते. सगळे समजले, ती गेली. इमराहिलनं वाकून आपल्या हातावरचं चकचकीत चिलखत तिच्या ओठांजवळ धरलं. धातूवर अगदी पुसटसं धुकं उमटलं. श्वास चालू आहे! एका क्षणाचं निरीक्षण आणि एक जीव वाचला.

तिथून थेट सहाव्या टप्प्यावर, शहराच्या हॉस्पिटलमध्ये. आणि इथे लढाईइतकाच थरार आहे. जखमींना काळ्या सावलीचा आजार. अंग गार, तोंडात बडबड, मग शांतता. वैद्य हतबल. तेव्हा तिथली सर्वांत वयस्क परिचारिका, इओरेथ, रडत रडत जुनी म्हण आठवते: खऱ्या राजाच्या हातात गुण असतो, त्यावरूनच तो ओळखावा. शेजारी उभा जादूगार गॅन्डाल्फ कान टवकारतो आणि अरागॉर्नला गाठायला धावतो. राजाचा शोध लागला कसा? सरदारांच्या खलबतातून? छे, आजीबाईच्या बटव्यातून!

पुढे धमाल. अरागॉर्न औषध मागतो, आथेलास नावाचं पान. वनौषधींचे पंडित हजर होतात. त्या पानाला कुठल्या भाषेत काय म्हणतात, सगळं घडाघडा सांगतात. जुन्या कवितेचा दाखलाही देतात. मग म्हणतात, पण आम्ही ते ठेवत नाही, त्यात काही गुण नाही, म्हातारी माणसं डोकेदुखीवर वापरतात. गॅन्डाल्फ संतापतो: मग कमी शिकलेला आणि जास्त शहाणा एखादा म्हातारा शोधा, त्याच्या घरात असेल! शेवटी बेरेगॉन्डचा दहा वर्षांचा मुलगा बेर्गिल धावत येतो. फडक्यात सहा पानं. ताजी नाहीत, दोन आठवड्यांपूर्वी तरी तोडलेली. अरागॉर्न ती चुरून गरम पाण्यात टाकतो.

आणि हे वाचाच: एकच पान, पण तीन रुग्णांना तीन सुगंध! डेनेथॉरचा धाकटा मुलगा फारामिर याच्या खोलीत दंवानं न्हालेल्या उजळ सकाळीचा. एओविनच्या खोलीत हिमशिखरांवरून आलेल्या स्वच्छ वाऱ्याचा. पिपिनचा हॉबिट मित्र मेरी याच्या खोलीत फळबागांचा आणि मधमाश्या घोंगावणाऱ्या फुलांचा. मेरी डोळे उघडतो आणि पहिलं वाक्य काय बोलतो? भूक लागली! असा पेशंट असला की डॉक्टर निम्मे निवांत.

याच हॉस्पिटलात फारामिर आणि एओविनचं सूत जुळलं. कारभाऱ्याचा मुलगा, रोहानची राजकन्या, दोघंही प्लास्टर-पट्टीतले! आणि त्यानं तिचं चुंबन कुठे घेतलं? तटाच्या भिंतीवर, अख्ख्या शहराच्या देखत. लोक काय म्हणतील, ही चिंता त्याला शिवलीही नाही.

फारामिरची जन्मकथा माहीत आहे का? टॉल्किन यांनी त्याला आखलाच नव्हता! १९४४च्या मे महिन्यात, हवाई दलात असलेल्या आपल्या मुलाला, ख्रिस्तोफरला, त्यांनी पत्रात कळवलं की कथेत एक नवाच माणूस जंगलातून चालत आला आहे, मी त्याला बोलावलं नव्हतं. पुढे त्यांनी हेही लिहिलं की कुठलं पात्र माझ्यासारखं असेल तर ते फारामिर. प्रचंड लाटेत जमीन बुडते हे स्वप्न टॉल्किन यांना स्वतःला पडायचं; ते त्यांनी फारामिरला देऊन टाकलं. पहिल्या महायुद्धात सोमच्या खंदकात राहून आलेल्या माणसानं आपलं मन ज्या सरदाराला दिलं, तो तलवारीच्या चकाकीवर नाही, तिनं राखलेल्या गावावर प्रेम करणारा आहे.

थोरला भाऊ बोरोमिर मात्र चालण्याचा बादशहा! एका स्वप्नाचा अर्थ विचारायला तो घरून निघाला आणि ११० दिवस एकटा प्रवास करून एल्फांच्या रिव्हेंडेलला पोहोचला. वाटेत थार्बादच्या उतारावर घोडा गेला, मग पायी. आणि गंमत म्हणजे ते स्वप्न फारामिरला वारंवार पडलेलं, बोरोमिरला फक्त एकदा. जायचं खरं तर धाकट्याला होतं!

शहराच्या दप्तरखान्याला एक सलाम हवाच. शत्रूच्या एका अंगठीपायी एवढं महायुद्ध, पण ती अंगठी ओळखायची कशी, याचा पुरावा याच शहरातल्या जुन्या कागदांत पडून होता. इसिल्डूरनं स्वतःच्या हातानं लिहिलेली गुंडाळी. गॅन्डाल्फनं ३०१७ साली ती शोधून वाचली. जादूगार, पण काम रिसर्च स्कॉलरचं! दप्तर जपणाऱ्या हातांनी जग वाचवलं, हे मी आनंदानं पुन्हा पुन्हा सांगेन.

दरवाजा फुटला त्या पहाटेचा सीन! शत्रूचा दरवाजाफोड ओंडका, नाव ग्रोन्ड, लांबी १०० फूट, तोंडाला लांडग्याचं काळं पोलादी डोकं. तीन धडका आणि दरवाजा चक्काचूर. विच-किंग आत शिरतो. सगळे पळतात, उरतो एकटा गॅन्डाल्फ. आणि अगदी त्याच क्षणी शहरातल्या कुठल्याशा अंगणात कोंबडा आरवतो! त्याला लढाईचं काही देणंघेणं नाही, त्याला फक्त उजाडलेलं कळलंय. पाठोपाठ दूरवरून रोहानच्या शिंगांचा आवाज. टॉल्किनसाहेब, या कोंबड्यासाठी तुम्हाला शंभरपैकी शंभर!

मोडलेला दरवाजा पुढे गिमलीच्या लोकांनी, म्हणजे ड्वार्फ कारागिरांनी, मिथ्रिल आणि पोलादाचा नवा करून दिला. अपग्रेड झक्कास.

हे शहर खऱ्या पृथ्वीवर कुठे असतं? खुद्द टॉल्किन यांनी उत्तर दिलंय: मिनास तिरिथ साधारण इटलीतल्या फ्लोरेन्सच्या अक्षांशावर. चित्रकार पॉलीन बेन्स यांच्या नकाशावर त्यांनी हातानं केलेल्या नोंदींत रावेन्नाचं नाव येतं. तो नकाशा २०१५ साली उजेडात आला आणि आता ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. १९५५ साली इटलीला गेल्यावर व्हेनिस पाहून त्यांना जुन्या गॉन्डोरचीच आठवण झाली.

सिनेमासाठी मात्र शहर उभं राहिलं न्यूझीलंडमध्ये, एका दगडखाणीत! शिवाय १:७२ प्रमाणात एक अवाढव्य मॉडेल. हेच प्रमाण, जे छोट्या विमानांची मॉडेल्स जोडणाऱ्या पोरांना पाठ असतं. ‘द रिटर्न ऑफ द किंग’ला ११ नामांकनं होती आणि ११ ऑस्कर मिळाले. शंभर टक्के निकाल! मराठीत वाचायचंय? मुग्धा कर्णिक यांचा अनुवाद आहे, ‘स्वामी मुद्रिकांचा’.

आणि नववर्ष? अंगठी नष्ट झाली तो दिवस २५ मार्च. नव्या राजानं गॉन्डोरचं वर्ष त्या दिवसापासून सुरू केलं. इंग्लंडमध्येही १७५२पर्यंत नवं वर्ष २५ मार्चलाच धरत. आणि आपला गुढीपाडवा २०२० साली नेमका त्याच तारखेला आला होता. जगभरचे वाचक आजही २५ मार्चला टॉल्किन वाचन दिन साजरा करतात.

राजा झाल्यावर अरागॉर्ननं कारभाऱ्याला घरी बसवलं? अजिबात नाही! फारामिरनं पांढरी काठी परत करायला हात पुढे केला, राजानं ती त्यालाच दिली आणि पद वंशपरंपरेनं ठेवलं. वर इथिलियनची जहागीर. म्हणजे सरहद्दीवर पुन्हा फारामिरच.

बेरेगॉन्डचा निकाल तर केस स्टडी! वडिलांनी रचलेल्या चितेवरून फारामिरला वाचवण्यासाठी त्यानं पहारा सोडला आणि पवित्र जागी रक्त सांडलं. जुन्या कायद्यानं शिक्षा मृत्यू. राजानं सांगितलं, शहर सोडावं लागेल. बेरेगॉन्डचा चेहरा पांढराफटक. पुढचं वाक्य: कारण तुला फारामिरच्या रक्षकदलाचा सरदार नेमलंय, त्याच्याबरोबर राहायला जा! कायदाही राहिला, माणूसही राहिला.

आणि पिपिन? या शहरात तो पाहुणा म्हणून आला, तेव्हा दहा वर्षांच्या बेर्गिलनं त्याला पोरगाच समजून उंचीवरून डिवचलं होतं. खरं तर पिपिन जवळजवळ २९ वर्षांचा, उंची मात्र चार फूट! शहर सोडून तो शायरला घरी परतला, लग्न केलं, मुलगा झाला. नाव काय ठेवलं असेल? फारामिर! आणि या छोट्या फारामिरनं पुढे लग्न केलं ते गोल्डिलॉक्सशी, म्हणजे पिपिनचा जुना सोबती सॅमवाइज गॅमजी याच्या लेकीशी!